खंड्याच्या नळीतली मुलगी

१

खंड्या मुलगा होता. सोमवारी सकाळी तो मुलगी निघाला.

ही बातमी शिष्टाने दिली, आणि तीही खासगीत नाही, भरल्या बैठकीत, पडद्यावर आलेख लावून. शिष्ट हे काही त्याचं नाव नव्हे. पण शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावून येणाऱ्या आणि "मला वाटतं" म्हणण्याऐवजी "पुरावा असं सांगतो" म्हणणाऱ्या माणसाला त्या संशोधन संस्थेत दुसरं कुठलं नाव टिकलंच नसतं.

"पुरावा असं सांगतो," तो म्हणाला, "की खंड्याच्या नळीतलं रक्त खंड्याचं नाही. ते एका निरोगी मुलीचं आहे."

चहाचे कप वाजायचे थांबले.

खंड्या म्हणजे इस्पितळातून आलेली रक्ताची एक नळी, आणि ते रक्त ज्याचं तो मुलगाही. मुलांची खरी नावं संस्थेत कुणालाही कळता कामा नयेत, म्हणून इस्पितळ प्रत्येकाला एका पक्ष्याचं नाव देई. टिटवी, बुलबुल, कोतवाल, सुतार, धनेश. संस्थेच्या आकडेवाल्यांना प्रत्येक पक्ष्याबद्दल चारच गोष्टी कळत: वय, मुलगा की मुलगी, आजार आहे का, आणि तब्येत सुधारली की बिघडली. पाचवी गोष्ट विचारायची नाही, हा नियम. नियम संस्थेचाच होता आणि संस्थेला त्याचा अभिमान होता.

यांतल्या बऱ्याच मुलांना जन्मतः रक्ताचा आजार होता; बाकीची निरोगी, तुलनेसाठी घेतलेली. जनुकात जे लिहिलेलं असतं त्याचा निरोप घेऊन आरएनए निघतो आणि त्याप्रमाणे पेशी प्रथिन बनवते. पण पेशीत काही चिमुकले आरएनएही असतात. ते निरोप्याला वाटेतच गाठतात आणि निरोप पोचू देत नाहीत. अशा शेकडो चिमुकल्यांपैकी या आजारात नेमका कोण आडवा येतो, हे संगणकावर हुडकून काढलं होतं वहिनीने; तिला सगळी संस्थाच वहिनी म्हणे. मुलांच्या रक्तातले कोट्यवधी आरएनए मोजून, कोण वाढला की कोण घटतो याची गणितं मांडून. दोन वर्षांनी त्याच मुलांचं रक्त पुन्हा आलं, तेव्हा एकट्या खंड्यात तो चिमुकला आरएनए ओसरलेला होता, अडलेलं जनुक कामाला लागलेलं होतं आणि तब्येतीच्या रकान्यात लिहिलं होतं: सुधारली. निसर्गानेच आपला प्रयोग करून दाखवला, असं वहिनी गेल्या महिन्यात याच खोलीत म्हणाली होती. टाळ्या थांबता थांबत नव्हत्या.

आता सगळे तिच्याकडे बघत होते, आणि टाळ्या वाजवलेले हात टेबलाखाली गेले होते.

"दुसऱ्या फेरीची माहिती एकाच माणसाच्या हाताखालून गेली आहे," शिष्ट म्हणाला. नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

संचालकबाईंनी चष्मा काढला. "शुक्रवारी समिती बसेल. तोवर उलगडा झाला नाही, तर शोधनिबंध मागे घ्यावा लागेल. आणि तुला," त्या वहिनीला म्हणाल्या, "काम सोडावं लागेल. तपास पंचाईत करेल."

पंचाईत खोलीच्या कोपऱ्यात बसली होती. दुसऱ्यांच्या आकड्यांत नाक खुपसून चुका काढणं हीच तिची नोकरी होती, त्यामुळे हे नाव तिला आपसूक चिकटलं होतं.

"पण बाई," शिष्टाची गुंडी प्रथमच जरा घट्ट झाल्यासारखी वाटली, "ती हिची नणंद आहे!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "नणंदेनं भावजयीला निर्दोष ठरवलं, तर त्यावर कोण विश्वास ठेवणार नाही?"

२

"या वन्सं, घ्या झडती," वहिनी म्हणाली.

"टोमणे घरी गेल्यावर. आधी सांग, दुसऱ्या फेरीत खंड्या मुलगी आहे हे तुला दिसलं कसं नाही?"

"बघितलंच नाही तर दिसेल कसं?"

पंचाईतने कपाळावर हात मारला. हे तपासणं अगदी सोपं असतं. मुलींच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन. त्यांतलं एक गप्प बसवायला एक लांबलचक आरएनए तयार होतो आणि त्या अख्ख्या गुणसूत्रावर पांघरुणासारखा पसरतो. मुलग्यांत एकच एक्स, त्यामुळे तो बनतच नाही. मुलग्यांत वाय गुणसूत्रावरच्या जनुकांचे निरोप असतात, मुलींत ते नसतात. दोन ओळींचा हिशेब. कुठल्याही नळीवर सगळ्यात आधी करायचा.

"पहिल्या फेरीत केला होता," वहिनी म्हणाली. "सगळे पक्षी बरोबर होते. खंड्या मुलगाच होता. अगं, दोन वर्षांत मुलगा मुलगी होतो का? कोण परत बघेल?"

"मी बघितलं असतं."

"तू देवाला नमस्कार करायच्या आधी मूर्ती मोजून घेशील."

एरवी पंचाईत हसली असती. पण वहिनीचे हात कळफलकावर नुसतेच पडून होते. हे हात रिकामे असलेले तिने कधी पाहिले नव्हते. लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यातही वहिनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर संगणक ठेवून बसलेली असायची, आणि आई मांजराला दटावावं तशी त्या संगणकाला दटावायची.

"माझं काम चुकलं म्हणा," वहिनी हळूच म्हणाली, "मी सुधारीन. खोटं म्हणालात, तर काय सुधारू?"

"तू केलंयस का काही?"

वहिनीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. पंचाईतला तो बघून बरं वाटलं.

"विचारलंस ते बरं केलंस," वहिनी म्हणाली. "न विचारता विश्वास ठेवला असतास, तर तुझ्या कामाची मला लाज वाटली असती. नाही. मी काही केलेलं नाही."

३

शिष्टाच्या टेबलावर धूळ सोडा, सावलीसुद्धा सरळ रेषेत पडली होती.

"आनंद झाला का रे सापडलं तेव्हा?" पंचाईतने विचारलं.

"झोप उडाली," तो म्हणाला. "अगं, त्या मुलांचे आईबाप आपला निबंध वाचून औषधाची वाट बघत बसतील. तिथं खोटं चालेल? मग ते कुणाचंही असो."

तिला तो आवडत नव्हता. पण या वाक्यात खोट काढावी असं तिला काही सापडेना, आणि खोट काढण्यात तर तिचा हातखंडा होता.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," ती म्हणाली.

"असेल. तपास."

ती तिथेच, त्याच्याच खुर्चीवर बसून तपासायला लागली. अदलाबदल छत्र्यांसारखी असते. माझी छत्री तू नेलीस, तर तुझी माझ्याकडे राहते. खंड्याच्या नळीत एखादी मुलगी गेली असेल, तर त्या मुलीच्या नळीत खंड्या सापडायला हवा. तिने दुसऱ्या फेरीतला एकेक पक्षी घेतला. पांघरूण-आरएनए टिटवीत होता, बुलबुलात होता, मैनेत होता. कोतवालात नव्हता, सुतारात नव्हता, धनेशात नव्हता. सगळं जिथल्या तिथे. मग प्रत्येकाच्या आरएनएतली अक्षरं पहिल्या फेरीतल्या अक्षरांशी पडताळली, कारण अक्षरांतले बारीक फरक माणसागणिक निराळे असतात. प्रत्येक पक्षी स्वतःशी जुळला. आजारी आणि निरोगी, दोन्ही गटांतला. एकही हरवलेला मुलगा कुठल्या नळीत लपलेला नव्हता.

"अदलाबदल नाही," शिष्ट म्हणाला. त्याने ते आधीच तपासलं होतं, हे त्याच्या आवाजावरून कळलं.

म्हणजे चुकून झालेलं नव्हतं. पंचाईत वहिनीला सोडवायला बसली होती आणि तिने स्वतःच्या हाताने गाठ आणखी आवळली होती.

४

"शीतगृहाची किल्ली माझ्या गळ्यात," भांडारीणबाई म्हणाल्या, "आणि गळा माझ्या धडावर. काढा आता काय काढायचा तो संशय."

भांडारीणबाई नमुने सांभाळत. थंडीत वावरून त्यांना बोलण्यात मात्र ऊब ठेवायची सवय लागली होती.

"संशय नाही काढत, मावशी. खंड्याची दुसरी नळी हवी."

प्रत्येक मुलाच्या रक्ताच्या दोन नळ्या येत. एक वापरायची, दुसरी राखून ठेवायची. राखीव नळीवर इस्पितळाचं सील असे. बाईंनी जाड हातमोजे चढवले, कपाटातून वाफाळणारी फळी ओढली आणि नळी दिव्यासमोर धरली. सील जसंच्या तसं होतं.

"हे उघडून परत लावता येतं?"

"येतं की. उकडलेलं अंडं परत कच्चं करता येत असेल तर."

सील बैठकीच्या खोलीत, शिष्टासमोर फोडलं गेलं. नळी यंत्रावर चढली. यंत्राला आपला वेळ लागतो, त्याला शुक्रवारची घाई नसते. आकडे बाहेर आले तेव्हा पंचाईत आणि शिष्ट एकाच पडद्यावर वाकले होते.

पांघरूण-आरएनए भरपूर. मुलगी. आणि चिमुकला आरएनए ओसरलेलाच.

"संगणकात कुणी काही घातलेलं नाही," पंचाईतने श्वास सोडला. "नळीतच मुलगी आहे. आणि सील इस्पितळाचं. वहिनी सुटली."

"कशी सुटली?" शिष्टाने शांतपणे विचारलं. "वहिनी इस्पितळात जात नाही? तिथल्या डॉक्टर तिच्या वर्गमैत्रीण नाहीत?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

५

मग ही मुलगी कोण?

पंचाईतने खंड्याची पहिल्या फेरीतली अक्षरं एका बाजूला ठेवली, दुसऱ्या फेरीतली दुसऱ्या बाजूला. तिऱ्हाईत असेल, तर जुळणी योगायोगापुरतीच निघेल, हा तिचा अंदाज होता.

जुळणी निम्म्याच्या आसपास निघाली.

ती खुर्चीत सरळ झाली. एवढं फक्त रक्ताच्या नात्यात जुळतं. आई असेल? आई असती, तर प्रत्येक ठिकाणी एक बाजू जुळलीच असती, कारण मूल आईची एक प्रत घेऊनच येतं. इथे तसं नव्हतं. काही ठिकाणी दोन्ही बाजू जुळत होत्या, काही ठिकाणी एकही नाही. असं सख्ख्या भावंडांतच होतं.

नळीतली मुलगी खंड्याची बहीण होती.

आता वहिनीवरचा आरोप डळमळला. खंड्या कोण, कुठला, हे वहिनीला ठाऊकच नसताना ती त्याची बहीण कुठून आणणार? संशय सरकून डॉक्टरांपाशी येऊन थांबला. पण आकड्यांत आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्या पंचाईतच्या डोळ्यांत कुसळासारख्या सलत होत्या.

एक म्हणजे, प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या पट्ट्यात बहीण-भाऊ निम्मे नव्हे, तंतोतंत सारखे होते. दुसरी म्हणजे, त्या मुलीच्या रक्तात मुलग्याचा किंचित अंश होता. वाय गुणसूत्रावरचे मोजकेच निरोप. आणि ते खंड्याचेच होते.

एकाच नळीत दोघं. सील न तुटता.

६

डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं होती आणि खुर्च्या इतक्या बुटक्या होत्या, की पंचाईतचे गुडघे हनुवटीला टेकायला आले.

"खंड्याला बहीण आहे?" तिने विचारलं.

"सांगता येणार नाही."

"बहिणीचं रक्त नळीत घातलं?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "हे पाहा, तुमची वहिनी माझी मैत्रीण आहे. इतक्या वर्षांत तिने एकदाही मला कुठल्या मुलाचं नाव विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. चहा पिताना आम्ही हवामानाबद्दल बोलतो, इतक्या आम्ही कंटाळवाण्या आहोत. तुम्हाला चार रकाने भरून हवे होते. मी चार रकाने भरून दिले. खरे दिले."

"मग एवढंच सांगा. रक्त काढलं कुणाच्या हातातून?"

"खंड्याच्या." त्या उभ्या राहिल्या. "माझ्यासमोर. सुई टोचताना त्याने मला गाढव म्हटलं, तेही ऐकलंय मी. याहून जास्त विचारू नका."

परतताना पंचाईत चालतच निघाली. रस्त्याकडेला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पुढे शाळेची लांबलचक भिंत. डॉक्टर खोटं बोलत असतील, तर सगळं सोपं होतं. पण त्या खोटं बोलणाऱ्या बाई वाटत नव्हत्या. वहिनीही नव्हती. भांडारीणबाई नव्हत्या. शिष्ट तर खोटं बोलायचं म्हटलं तरी पुरावा मागेल.

मग कुणीच खोटं बोलत नाही असं धरून चाललं तर?

हात खंड्याचा. रक्त बहिणीचं.

भिंत संपायच्या आत ती थांबली. तिथूनच तिने आधी डॉक्टरांना फोन केला. "मी काही विचारत नाही. शुक्रवारी समितीसमोर मी काय सांगणार आहे, ते सांगते. ते बोलायची परवानगी द्यायची की नाही, हे खंड्याच्या आईबापांनी ठरवावं." पलीकडून "चूक" असं कुणी म्हणालं नाही.

दुसरा फोन तिने वहिनीला केला.

"शुक्रवारी ताठ मानेनं ये," ती म्हणाली. "पण तुझ्या निबंधासाठी बातमी वाईट आहे."

७

समितीच्या टेबलाशी संचालकबाई, शिष्ट आणि दोन बाहेरचे प्राध्यापक होते. डॉक्टर दाराजवळ बसल्या होत्या. आईबापांचा होकार त्यांच्याकडे आला होता.

"अदलाबदल नाही," पंचाईतने सुरुवात केली, "कारण हरवलेला मुलगा दुसऱ्या कुठल्याच नळीत नाही. बनवाबनवी नाही, कारण सीलबंद नळीतही तीच मुलगी आहे. ती खंड्याची सख्खी बहीण आहे, हे अक्षरं सांगतात. डॉक्टर सांगतात, रक्त खंड्याच्या हातातून काढलं. आपण सगळे या दोघांतलं एक खोटं ठरवायला बसलो होतो. दोन्ही खरं आहे. खंड्याच्या अंगात बहिणीचं रक्त वाहतंय."

"बहिणीनं रक्त दिलं असेल," एक प्राध्यापक म्हणाले. "बाटलीतून."

"बाटलीतलं रक्त जाईल तिथे पाहुणं असतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी तर आधीच काढून टाकतात. इथे पाहुणा उरलाय तो खंड्या स्वतः, अगदी किंचित. घर बहिणीचं झालंय. रक्त जिथे तयार होतं ती जागाच तिची आहे. म्हणजे हाडांतला मगज. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात त्याच्यात बहिणीची अस्थिमज्जा रोपली गेलीय. आणि दाता निवडताना डॉक्टर जो जनुकांचा पट्टा जुळवून बघतात, नेमका तोच पट्टा या दोघांत तंतोतंत सारखा आहे. माझं चुकत असेल तर खंड्याचा एक केस मुळासकट मागवा. केसाचं मूळ मगजातून येत नाही. त्यात पांघरूण-आरएनए नसेल. तिथे तो अजून मुलगाच आहे."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"केस मागवायची गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रोपण दुसऱ्या शहरात झालं. तुम्ही म्हणालात, तीच मुलं पुन्हा हवीत. मी तीच मुलं दिली. तब्येत सुधारली का, असं विचारलंत. सुधारली. का सुधारली, असा रकाना तुम्ही ठेवलाच नव्हता. आणि पाचवी गोष्ट सांगायची नाही, हा तुमचाच नियम."

संचालकबाईंनी चष्मा पुसून परत चढवला. "नियम बदलू," त्या म्हणाल्या. "नाव विचारायचं नाही हे ठीक. उपचार विचारायला हवे होते."

शिष्टाने घसा खाकरला. "पुरावा असं सांगतो, की मी माफी मागायला हवी."

"तू पकडलंस ते बरोबरच पकडलंस," वहिनी म्हणाली आणि उभी राहिली. "बाई, नळीतले आकडे खरे आहेत. माझा निष्कर्ष खरा नाही. खंड्यात तो चिमुकला आरएनए आपोआप ओसरला असं मी समजले. पण त्या पेशीच त्याच्या नाहीत. निरोगी मुलीचं रक्त निरोगी दिसलं, यातून माझं म्हणणं सिद्ध होत नाही. पहिल्या फेरीत सापडलं ते टिकतं, बाकीचा भाग मी निबंधातून काढते. आजच. पुरावा दुसरीकडे शोधावा लागेल."

कुणी तिच्याकडे ते मागितलं नव्हतं. आरोप धुतला गेला होता, ती गप्प बसून घरी जाऊ शकली असती. गेल्या महिन्यातल्या टाळ्यांत पंचाईतनेही टाळ्या वाजवल्या होत्या, जरा हात राखून, नणंदेने वाजवाव्यात तशा. आज कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण शेजारचे प्राध्यापक "या कोण?" असं कुजबुजले, तेव्हा पंचाईतने इतक्या मोठ्याने सांगितलं, की पलीकडच्या खोलीतही ऐकू गेलं असावं.

"माझी वहिनी."

८

पुढच्या आठवड्यात खंड्या संस्थेत आला. परवानगी देताना त्याच्या आईने एक अट घातली होती: एवढा गोंधळ जिने घातला, तिला तो बघायला मिळाला पाहिजे.

ती आली होती. खंड्यापेक्षा लहान, समोरचा एक दात पडलेला. आई मागे उभी होती आणि दोन्ही मुलांच्या खांद्यांवर तिचे हात होते. पंचाईतने पाहिलं, की ती बाई काही बोलत नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाकडे एकेकदा नीट बघून घेते आहे, जणू म्हणते आहे, पाहिलंत ना माझ्या पोरीला?

वहिनीने पडद्यावर पांघरूण-आरएनएचा उंच निळा खांब दाखवला. "हे तुझं."

"याच्या आत?" मुलीने भावाकडे बोट केलं.

"याच्या आत."

"म्हणूनच मला हल्ली भांडावंसं वाटतं," खंड्या म्हणाला.

"भांडण डोक्यात असतं. तुझ्यात माझं फक्त रक्त आहे," बहीण म्हणाली, "आणि तेवढंच तुझं धड चालतं."

शिष्ट हसला. गळ्याजवळची गुंडी लावलेली असूनही हसला.

वहिनी मात्र गुडघ्यांवर बसली, मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर. "एक सांगू? आम्ही तुझं रक्त तुला न विचारता मोजलं. आम्हाला माहीतच नव्हतं ते तुझं आहे म्हणून. आईला विचारलंय, ती म्हणाली पोरीला विचारा. हे आकडे ठेवू का आमच्याकडे? नको म्हणालीस तर पुसून टाकू."

मुलीने पडद्याकडे पाहिलं. मग भावाच्या हाताकडे, जिथे बाहीच्या खाली शीर निळसर दिसत होती. तिने फार वेळ घेतला. एवढ्या वेळात यंत्राने एखादी नळीसुद्धा वाचली असती, असं पंचाईतला वाटलं.

"ठेवा," ती म्हणाली. "पण नीट मोजा."

"मोजते," वहिनी म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली, दुसऱ्या फेरीचे आकडे अगदी पहिल्या ओळीपासून उघडले, आणि रिकाम्या राहिलेल्या त्या हातांनी टिटवीपासून सुरुवात केली. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती, आणि तिला घाई नव्हती.